जहाज बांधताय, तर आमची जागा धरून बांधा

ध्रुवाजवळच्या समुद्राचं पाणी मोजणाऱ्या जहाजाशी सोलापूरच्या बिडी कामगार बाईचा काय संबंध, असा प्रश्न आपल्या चळवळीतही विचारला जातो. हुंडा, दारू, रेशन, पाणी हे आपले प्रश्न. बर्फातला समुद्र शास्त्रज्ञांनी बघावा! मैत्रिणींनो, ही वाटणी आपल्याला महागात पडणार आहे.

आधी हे काम काय आहे ते पाहू. उपग्रहाला समुद्राचा फक्त वरचा थर दिसतो. खाली काय चाललं आहे ते कळायला बर्फ फोडत जाणारं जहाज लागतं. त्याचा पुढचा भाग बर्फावर चढतो आणि वजनाने बर्फ मोडतो. मग तारेला बांधलेली उपकरणं आणि बाटल्या हजारो मीटर खोल सोडतात. कोणत्या खोलीवर पाणी किती गरम, किती खारट, त्यात प्राणवायू किती, याची नोंद होते. त्याच भागात वर्षानुवर्षं जाऊन मोजलं तरच बदल कळतो. पृथ्वीवर साठलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास उष्णता समुद्राने पोटात घेतली आहे, हे समुद्राच्या मोजणीतूनच समजलं.

आता सोलापूर. 2021 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी एक शक्यता मांडली. उत्तर ध्रुवाकडच्या कारा समुद्रातला बर्फ घटणं आणि मध्य भारतात पावसाळा सरताना होणारी अतिवृष्टी यांचा संबंध असू शकतो. सप्टेंबर 2025 मध्ये आपल्या जिल्ह्यात सीना नदीला महापूर आला. तो पूर थेट त्या बर्फामुळे आला असं कुणी म्हणू नये. पण असा पाऊस पुन्हा पुन्हा येणार का, हे आधी कळण्याचा पहिला हक्क कुणाचा? पूर ओसरल्यावर घरातला चिखल काढणारीचा, दुष्काळात हंडे वाहणारीचा. सातबारा नवऱ्याच्या नावावर, म्हणून नुकसानभरपाईच्या यादीत तिचं नावही नसतं.

मोजणी आपल्याला हवीच. पण मोजायला बाईला जाऊ देतात का? अमेरिकेच्या नौदलाने 1969 पर्यंत आपल्याच देशाच्या संशोधक स्त्रियांना अंटार्क्टिकाला न्यायचं नाकारलं. कारण काय, तर तिथे बायकांची सोय नाही! सोय कुणी करायची होती? आपली पहिली मोहीम डिसेंबर 1981 मध्ये गोव्याहून निघाली. बाई गेली ती तिसऱ्या मोहिमेत, 1983 च्या डिसेंबरात. एक नागपूरच्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत, दुसऱ्या भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता. आपल्या मुलींपैकी किती जणींना ही नावं ठाऊक आहेत?

दार उघडलं म्हणून घर आपलं झालं नाही. 2019 मध्ये उत्तर ध्रुवाच्या बर्फात वर्षभर समुद्र मोजायला मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम निघाली. तिच्या सोबतच्या जहाजावर घट्ट कपडे घालू नका, असा नियम सांगितला गेला. स्त्री संशोधकांनी त्यावर आक्षेप घेतला. पुरुषाची नजर बिघडते आणि पदर बाईने सावरायचा. हे आपल्या गल्लीतलं तत्त्वज्ञान ध्रुवापर्यंत पोचलं आहे. अमेरिकेच्या अंटार्क्टिक कार्यक्रमाबद्दलचा सरकारी अहवाल 2022 मध्ये आला. पाहणीत बोललेल्या स्त्रियांपैकी 59 टक्के स्त्रियांनी तिथे छळ किंवा अत्याचार सोसल्याचं सांगितलं.

हे सगळं आज बोलायचं, कारण भारताकडे स्वतःचं ध्रुवीय संशोधन जहाज नाही. मोहिमा भाड्याच्या जहाजांवर निघत आल्या. केंद्रीय मंत्रिमंडळाने 2014 मध्ये जहाजाला मंजुरी दिली, पण जहाज आलं नाही. जून 2025 मध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच कंपनीने नॉर्वेच्या काँग्सबर्गशी असं जहाज बांधण्यासाठी करार केला. जहाज पाण्यात उतरल्यावर ‘सोय नाही’ ऐकून घ्यायचं की आराखड्यातच सोय मागायची?

आपल्या मागण्या साध्या आहेत. संशोधकांच्या जागांपैकी निम्म्या जागा स्त्रियांना मिळाव्यात. खोल्या, संडास-न्हाणीघरं आणि बर्फातले कपडे बाईच्या गरजेने आणि मापाने बनावेत. 2013 च्या कायद्याप्रमाणे तक्रार ऐकणारी यंत्रणा जहाजावरच असावी. भर समुद्रातून तक्रार द्यायला तिने पोहत किनारा गाठायचा का? तालुक्याच्या कॉलेजातून विज्ञान शिकणाऱ्या मुलींना शिष्यवृत्त्या द्याव्यात. आणि मोजलेलं जे काही आहे, ते मराठीत, गावच्या ग्रामसभेपर्यंत यावं.

जहाज जनतेच्या पैशातून बांधलं जाणार आहे. काडेपेटीसारख्या रोजच्या खरेदीतून आपणही सरकारी तिजोरीत भर घालतो. गटागटातून या मागण्यांचे ठराव करा, खासदारांकडे द्या आणि लेखी उत्तर मागा. हिशेब मागायला आपण बचतगटात शिकलोच आहोत. आता समुद्राचाही मागू.