इंधनातील दोष आणि अडखळणारे इंजिन : निदान कसे, जबाबदारी कोणाची?

जून २०२५ मध्ये मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री मोहन यादव यांच्या ताफ्यातील १९ वाहने रतलाम येथे एकापाठोपाठ एक बंद पडली. या सर्व वाहनांत एकाच पंपावर डिझेल भरण्यात आले होते. टाक्या उतरवून पाहिल्यावर डिझेलमध्ये पाणी आढळले. प्रशासनाने पंप सीलबंद केला आणि ताफ्यासाठी इंदूरहून दुसरी वाहने मागवण्यात आली.

एकाच पंपावरची १९ वाहने एकाच वेळी बंद पडली, म्हणूनच दोष इंधनाचा आहे हे तातडीने स्पष्ट झाले. सामान्य नागरिकाचे वाहन मात्र एकटेच बंद पडते. इंजिन गचके देऊ लागते, गॅरेजच्या भाषेत गाडी 'मिसिंग' मारते. मग प्लग बदलले जातात, इंजेक्टर साफ केले जातात किंवा नवे बसवले जातात आणि खर्च वाहनधारकाच्या माथी पडतो. दोष इंधनात होता असा संशय आला तरी तोपर्यंत टाकीतील पेट्रोल बदललेले असते आणि पुरावा उरलेला नसतो.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याच्या धोरणावरून २०२५ मध्ये देशभर वाद झाला. त्या वादात इथेनॉल, भेसळ आणि पाणी या तिन्ही गोष्टी 'खराब पेट्रोल' या एकाच शब्दात कोंबल्या गेल्या. वस्तुतः हे तीन वेगळे विषय आहेत. त्यांची लक्षणे वेगळी, चाचण्या वेगळ्या आणि त्यांना जबाबदार असणारे घटकही वेगळे आहेत. ही फोड केल्याशिवाय इंजिनाचे निदानही होत नाही आणि जबाबदारीही निश्चित होत नाही.

कार्ब्युरेटर गेला, इंजेक्टर आला

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ निकष लागू झाले. मोटारींमध्ये इंजेक्टर त्यापूर्वीच रूढ झाले होते; या निकषांमुळे ते सामान्य माणसाच्या दुचाकीतही आले. त्याच वेळी पेट्रोलमधील गंधकाचे कमाल प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आणण्यात आले. म्हणजेच शुद्धीकरण कारखान्यातून बाहेर पडणारे पेट्रोल पूर्वीपेक्षा अधिक स्वच्छ झाले. प्रश्न आहे तो तेथून पंपाच्या नळीपर्यंतच्या प्रवासाचा. डेपो, टँकर, पंपाची भूमिगत टाकी या प्रत्येक टप्प्यावर इंधन बिघडू शकते.

कार्ब्युरेटरला थोडीफार घाण चालत असे. रस्त्याकडेचा मेकॅनिक जेट उघडून फुंकर मारून तो साफ करी. इंजेक्टरचे तसे नाही. साध्या इंजेक्टरमध्ये इंधन वातावरणाच्या तीन-चार पट दाबाने, केसासारख्या बारीक छिद्रांतून, काही सहस्रांश सेकंदच फवारले जाते. थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या इंजिनांत हाच दाब दोनशे पटींच्या घरात जातो. छिद्रांच्या तोंडाशी राळेसारखा थर जमला की फवाऱ्याचे थेंब होतात, त्या सिलिंडरमध्ये इंधनाचे प्रमाण चुकते आणि ज्वलन अपुरे राहते किंवा होतच नाही. इंजिनाचे अडखळणे म्हणजे हेच होय.

पहिला दोष : भेसळ

पेट्रोलमध्ये रॉकेल, नाफ्था किंवा स्वस्त सॉल्व्हंट मिसळण्याचा धंदा जुना आहे. त्याचे मूळ किमतींतील तफावतीत होते. शिधावाटपाचे अनुदानित रॉकेल आणि पेट्रोल यांच्या दरांत जितके अंतर, तितका भेसळखोराचा नफा. या साखळीला हात लावणाऱ्यांना प्राण गमवावे लागले आहेत. इंडियन ऑइलचे विक्री अधिकारी षण्मुगम मंजुनाथ यांची नोव्हेंबर २००५ मध्ये उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी जिल्ह्यात गोळ्या घालून हत्या करण्यात आली. भेसळ करणाऱ्या पंपावर त्यांनी कारवाई केली होती. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे, तेल डेपोंच्या परिसरात, जिवंत जाळण्यात आले.

मंजुनाथ यांच्या हत्येनंतर रॉकेलात विशिष्ट रासायनिक खूण मिसळण्याची योजना २००६ मध्ये आली, पण ती टिकली नाही. पुढे घरगुती गॅसचा प्रसार झाला, रॉकेलाचा पुरवठा घटला आणि २०२० पर्यंत त्यावरील अनुदानही संपुष्टात आले. त्यामुळे रॉकेलाच्या भेसळीतील मोठा लाभ उरला नाही. तथापि स्वस्त औद्योगिक सॉल्व्हंट बाजारात आहेत, तोवर हा धोका संपला असे म्हणता येत नाही.

भेसळीची लक्षणे बहुधा हळूहळू दिसतात. रॉकेल सहज वाफ होत नाही. त्यामुळे थंड इंजिन सुरू होताना त्रास देते, प्लगवर काजळी धरते आणि न जळालेला अंश इंजिन ऑइलमध्ये उतरतो. कमी ऑक्टेनचे नाफ्था मिसळलेले असेल, तर चढावर किंवा ओझे असताना इंजिनातून खडखडाट ऐकू येतो. रॉकेल पेट्रोलपेक्षा जड, तर हलका नाफ्था त्याहून विरळ असतो. दोन्हींचे प्रमाण जुळवून मिसळले, तर घनता नियमात बसते. घनतेच्या चाचणीला चकवा देण्याची ही वाट जाणकारांना परिचित आहे.

दुसरा दोष : पाणी

पाण्याचे लक्षण याच्या उलट, म्हणजे तात्काळ दिसणारे आहे. पंपावरून निघाल्यावर काही किलोमीटरांतच वाहन गचके खाऊन बंद पडते आणि पुन्हा सुरू होत नाही. पावसाळ्यात भूमिगत टाकीच्या झाकणातून किंवा जोडांतून पाणी झिरपते. त्यात दर वेळी गुन्हेगारी हेतू असतोच असे नाही, निष्काळजीपणा मात्र असतो.

इथेनॉलयुक्त पेट्रोलमुळे हा प्रश्न अधिक नाजूक झाला आहे. शुद्ध पेट्रोलमध्ये पाणी तळाशी वेगळे राहते. इथेनॉल पाणी शोषून घेते. परंतु पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसते. इंधनपंप इंधन ओढतो तो तळाकडूनच. त्यामुळे इंजिनाला पेट्रोलऐवजी पाणी आणि इथेनॉल यांचे मिश्रण मिळते, आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही घटलेला असतो. याचा अर्थ, इथेनॉलचे प्रमाण वाढवताना पंपांच्या टाक्या कोरड्या ठेवण्याची शिस्तही तितकीच कडक व्हायला हवी होती.

तिसरा विषय : इथेनॉल

इथेनॉल ही भेसळ नव्हे. ते जाहीर धोरण आहे. २०१४ मध्ये मिश्रणाचे प्रमाण सुमारे दीड टक्का होते; ते २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. मूळ उद्दिष्ट २०३० चे होते. परकीय चलनाची बचत आणि ऊस व धान्य उत्पादकांना बाजारपेठ ही सरकारची भूमिका आहे. महाराष्ट्रातील साखर उद्योगाचा तर त्याच्याशी थेट संबंध आहे. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मिळावा अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

वाहनावरील परिणामांबाबत नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातील आकडे उद्बोधक आहेत. मूळ शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींत इंधनक्षमता सुमारे ६ ते ७ टक्के, तर तशाच दुचाकींत ३ ते ४ टक्के घटेल, असे त्यात म्हटले होते. १० टक्क्यांसाठी रचलेल्या आणि २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींत ही घट १ ते २ टक्केच आहे. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणात ही घट किरकोळ असल्याचे आणि इंजिन बिघडण्याची भीती निराधार असल्याचे सांगितले.

यांत्रिकदृष्ट्या मुद्दा वाहनाच्या वयाचा आहे. एप्रिल २०२३ पासूनची वाहने २० टक्के मिश्रण सहन करणाऱ्या साहित्याची बनवली जाऊ लागली. त्यापूर्वीच्या वाहनांत रबरी नळ्या आणि सील लवकर झिजण्याची शक्यता असते. शिवाय इथेनॉल उत्तम द्रावक आहे. जुन्या टाकीत वर्षानुवर्षे बसलेला गाळ ते सुटा करते, तो फिल्टरमध्ये आणि पुढे इंजेक्टरमध्ये अडकतो. अशा वेळी दोष त्या दिवशीच्या पेट्रोलचा नसतो; जुना मळ नव्या इंधनाने हलवलेला असतो. फिल्टर वेळेत बदलणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

निदानाचा क्रम

अडखळणारे प्रत्येक इंजिन खराब पेट्रोलचे बळी नसते. प्लग, इग्निशन कॉइल, हवेची गळती, इंधनपंपाचा घटलेला दाब ही कारणेही तितकीच संभवतात. म्हणून सुटे भाग बदलण्यापूर्वी तपासाचा क्रम पाळणे हिताचे ठरते.

प्रथम प्रश्न काळाचा. त्रास इंधन भरल्यावर लगेच सुरू झाला, की कित्येक आठवडे वाढत गेला? त्याच पंपावर त्याच दिवशी इंधन भरलेल्या इतर वाहनांनाही झाला का? 'लगेच' आणि 'इतरांनाही' अशी उत्तरे आली, तर संशय इंधनाकडे वळतो.

दुसरी पायरी स्कॅनरची. मोटारीच्या संगणकात नोंदलेले संकेत बरेच काही सांगतात. पी ०३०१ ते पी ०३०४ हे संकेत एका विशिष्ट सिलिंडरकडे बोट दाखवतात. अशा वेळी त्या सिलिंडरची कॉइल, प्लग आणि शेवटी इंजेक्टर दुसऱ्या सिलिंडरशी अदलाबदल करून पाहावेत. दोष ज्या भागाबरोबर सरकतो तो भाग बिघडलेला. पी ०३०० हा संकेत अनेक सिलिंडरांत अनियमित अडखळणे दर्शवतो. टाकी, फिल्टर आणि पंप सर्व सिलिंडरांना सामाईक असल्याने इंधनाचा दोष बहुधा असाच प्रकटतो. त्याबरोबर मिश्रण विरळ असल्याचा पी ०१७१ हा संकेत आला, तर इंधनाचा दाब आणि फिल्टर आधी तपासावा.

तिसरी पायरी टाकीतील इंधनाची. थोडे इंधन काचेच्या स्वच्छ नळीत काढून काही वेळ स्थिर ठेवल्यास तळाशी पाणी किंवा गाळ दिसतो. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. पेट्रोलमध्ये पाणी ओतून तळाचा थर फुगल्याचे दाखवणाऱ्या चित्रफिती भेसळीचा पुरावा म्हणून फिरवल्या जातात. वास्तविक त्या चाचणीत इथेनॉल पाण्यात उतरते आणि थर फुगणे अपेक्षितच असते. त्यातून इथेनॉल आहे एवढेच कळते. भेसळ आहे हे कळत नाही.

इंजेक्टर उतरवून फवारा तपासणे ही शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. टाकीत दूषित इंधन तसेच ठेवून इंजेक्टर बदलले, तर नवे इंजेक्टरही त्याच वाटेने जातात.

नियमात बसणारे, तरीही दूषित

चाचणीत उत्तीर्ण झालेले पेट्रोल निर्दोषच असते काय? फेब्रुवारी २००७ मध्ये इंग्लंडच्या आग्नेय भागात हजारो मोटारी अडखळू लागल्या, त्यांची शक्ती घटली. पेट्रोलच्या प्रारंभीच्या चाचण्यांत काहीच आढळले नाही. इंधन ब्रिटिश मानकात बसत होते. गॅरेजमध्ये मात्र एकसारखे चित्र दिसत होते : ऑक्सिजन सेन्सर निकामी. पुढील तपासात पेट्रोलमध्ये सिलिकॉनचा अंश सापडला. नेहमीच्या चाचण्यांत सिलिकॉन शोधलेच जात नव्हते. इंधनातील दोष प्रयोगशाळेच्या आधी गॅरेजांच्या नोंदींतून उघड झाला.

भारतातील अनुभवही वेगळा नाही. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २००२ मध्ये केलेल्या तपासणीतून, हुशारीने केलेली भेसळ मानकांच्या चाचणीतून निसटू शकते हा मुद्दा पुढे आला होता.

ग्राहकाच्या हाती काय?

पंपावर ग्राहकाला फिल्टर पेपर मागता येतो. नळीच्या टोकावरील थेंब कागदावर टाकल्यास शुद्ध पेट्रोल सुमारे दोन मिनिटांत उडून जाते. तेलकट डाग राहिला तर संशयाला जागा आहे. सहज उडून जाणारे सॉल्व्हंट मात्र या चाचणीत सापडत नाहीत. घनता मोजून घेण्याचाही हक्क आहे. १५ अंश तापमानाला रूपांतरित केलेली घनता टँकरच्या चलनावरील नोंदीपेक्षा घनमीटरला ३ किलोग्रॅमहून अधिक वेगळी असेल, तर नमुना संशयास्पद ठरतो. पंपचालकाने टँकरमधील इंधनाचे नमुने राखून ठेवणेही अपेक्षित आहे. भेसळीवर कारवाईसाठी जीवनावश्यक वस्तू कायद्याखालील २००५ चा आदेश आहे. नुकसानभरपाईसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते आणि १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन उपलब्ध आहे.

मात्र हे सारे हक्क पुराव्यावर अवलंबून आहेत. म्हणून पावती जपणे, वाहन बंद पडल्यावर ते पुन्हा पुन्हा सुरू न करणे, मेकॅनिककडून साक्षीदारांसमक्ष टाकीतील इंधन धातूच्या बंद डब्यात काढून घेणे आणि स्कॅनरचा अहवाल लेखी मागणे या गोष्टी दुरुस्तीच्या आधी कराव्यात. तक्रारही त्याच दिवशी नोंदवावी. पंपाच्या टाकीत नवा टँकर रिकामा झाल्यावर जुन्या इंधनाचा माग लागत नाही.

तथापि सर्व भार ग्राहकावर टाकणे न्याय्य नाही. टँकर कोणत्या डेपोतून निघाला, कोणत्या टाकीत रिकामा झाला आणि त्या दिवशी पाण्याची तपासणी झाली का, या नोंदी तेल कंपन्यांकडे आणि पंपांकडे असतात. तक्रार येताच त्या तक्रारदाराला दाखवण्याचे बंधन आणि अधिकृत सेवा केंद्रांना आढळलेल्या इंधनदोषांची एकत्रित नोंद, एवढ्या दोन गोष्टी झाल्या तरी चित्र बदलेल. रतलाममध्ये १९ वाहने एकाच ताफ्यात होती म्हणून दोष दिसला. वेगवेगळ्या १९ गॅरेजांत उभी असलेली १९ वाहनेही तेच सांगत असतात. त्यांच्या नोंदी एकत्र पाहणारी यंत्रणा उभी राहणे गरजेचे आहे.