कार्बनमुक्तीची किंमत कामगारानेच का मोजावी?

नोव्हेंबर 2021 मध्ये ग्लासगो येथे पंतप्रधानांनी 2070 पर्यंत भारताचे निव्वळ कार्बन-उत्सर्जन शून्यावर आणण्याची घोषणा केली. चार वर्षे उलटण्यापूर्वीच, 2024-25 मध्ये, देशाचे कोळसा-उत्पादन 100 कोटी टनांच्या पुढे गेले. या दोहोंचा मेळ घालण्याचे सरकारी उत्तर ठरलेले आहे : मातीच्या ढिगाऱ्यांवर झाडे लावू, खाणीच्या जमिनीवर सौरवीज निर्माण करू. ही कामे वाईट नव्हेत. परंतु एक टन कोळसा जळला की सुमारे दीड टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो वीजकेंद्राच्या धुराड्यातून जातो, म्हणून खाणीच्या हिशेबवहीत दिसत नाही, इतकेच. वही कोरी ठेवल्याने आकाश स्वच्छ होत नाही.

तेव्हा कोळशाचे ज्वलनच टप्प्याटप्प्याने घटविले पाहिजे, हे समाजवाद्यांनी निःसंकोच मान्य करावे. हे सारे श्रीमंत राष्ट्रांचे थोतांड आहे असे म्हणणारे आपल्यातील काही मित्र चंद्रपूरच्या धुळीत श्वास घेणाऱ्या श्रमिकाला विसरतात. खरा प्रश्न आहे तो या बदलाचा खर्च कोणाच्या माथी मारावयाचा, हा. ब्रिटनमध्ये 1984-85 चा खाणकामगारांचा संप मोडून थॅचरबाईंनी खाणी बंद केल्या आणि कामगारांच्या वस्त्या उजाड झाल्या. जर्मनीने 2020 साली कायदा करून 2038 पर्यंत कोळसा सोडण्याचे ठरविले, तेव्हा कोळसा-प्रदेशांसाठी 40 अब्ज युरोंपर्यंतची तरतूदही केली.

आपल्याकडे पैसा नव्हता काय? 2010 साली स्वच्छ ऊर्जेच्या नावाने कोळशावर टनामागे 50 रुपये उपकर बसला. 2016 पर्यंत तो 400 रुपयांवर गेला. 2017 मध्ये तो राज्यांच्या करभरपाईकडे वळविण्यात आला. सप्टेंबर 2025 मध्ये तो रद्द झाला आणि कोळशावरील वस्तू व सेवा कर 5 वरून 18 टक्के करण्यात आला. या साऱ्या वळणांत खाणकामगाराच्या हक्काचा निधी कोठेच आला नाही!

वणी, घुग्गुस, बल्लारपूर, उमरेड येथील कायम कामगाराला निदान भविष्यनिर्वाह निधीचा आधार आहे. कंत्राटदाराचा डम्परचालक, कोळसा भरणारा मजूर, खाणीच्या फाटकावरचा चहावाला यांनी खाण बंद झाल्यावर कोठे जावे?

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. प्रत्येक खाणबंदीच्या आराखड्यात कंत्राटी कामगारांची यादी व पर्यायी रोजगार आधी, बंदीची तारीख नंतर. कोळशावरील कराचा निश्चित वाटा आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी त्यासाठी राखून ठेवावा. त्या जमिनीवरील सौरवीज सार्वजनिक क्षेत्रातच राहावी आणि तेथे विस्थापितांना प्रथम काम मिळावे.

1973 साली कोळसा राष्ट्राचा झाला. 2020 पासून व्यापारी खाणकामासाठी खाणपट्ट्यांचे लिलाव चालू आहेत. नफा खासगी आणि राख गावाची, अशी ही वाटणी आहे. ती उलथून टाकल्याशिवाय होणारी कार्बनमुक्ती ही केवळ कामगारमुक्ती ठरेल.