मिशनऱ्याची वही आणि आपला अभ्यासक्रम

मराठी वाङ्मयेतिहासात मिशनऱ्याला वय नसते. त्याला नाव असते, ग्रंथ असतो, क्वचित छापखाना असतो. पण तो कधी तरुण नसतो, आजारी पडत नाही, घरच्या पत्राची वाट पाहत नाही आणि मुख्य म्हणजे तो कधी मराठी चुकत नाही. एम.ए.च्या वर्गात 'अव्वल इंग्रजी कालखंड' शिकवताना आपण विद्यार्थ्यांच्या हाती एक यादी देतो. कोशवाङ्मय, व्याकरण, 'ज्ञानोदय', 'यमुनापर्यटन'. यादीच्या शेवटी 'धर्मप्रसाराचा हेतू असला तरी' अशा शब्दांनी सुरू होणारे एक वाक्य असते आणि त्या वाक्यावर टीप, प्रश्न व उत्तर अशी तिन्ही कामे वर्षानुवर्षे भागतात. या यादीविरुद्धच हा लेख आहे.

यादी खोटी आहे असे मुळीच नाही. कॅरीचे व्याकरण १८०५ साली आणि कोश १८१० साली निघाला. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींनी 'ज्ञानोदय' १८४२ साली अहमदनगरला सुरू केला. बाबा पदमनजींची कादंबरी १८५७ची, आणि मराठी कादंबरीच्या प्रेरणांची चर्चा करताना नेमाड्यांनी तिला जे स्थान दिले ते आता परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतही स्थिरावले आहे. या साऱ्या गोष्टी खऱ्याच आहेत. माझी तक्रार वेगळी आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाने ज्या प्रश्नापासून सुरुवात करायला हवी तो प्रश्न ही यादी विचारूच देत नाही. हा परका तरुण सकाळी उठून करत काय होता?

वयाचाच मुद्दा घेऊ. गॉर्डन हॉल फेब्रुवारी १८१३मध्ये सॅम्युअल नॉटबरोबर मुंबईच्या किनाऱ्याला लागला तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याच तुकडीतल्या सॅम्युअल न्यूएलची पत्नी हॅरिएट इथवर पोचलीच नाही. १८१२ साली मॉरिशसमध्ये ती गेली, वय एकोणीस. पुढे तुकोबा, एकनाथ, महिपती यांना इंग्रजीत नेणारा जस्टिन ॲबट १८८१ साली आला तेव्हा तिशीच्या आत होता. त्याआधी तीन शतके, १५७९ साली, गोव्यात उतरलेला थॉमस स्टीफन्स जेमतेम तिशीचा. आपल्या वर्गात बसणाऱ्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचे हे वय आहे. या वयाच्या माणसाला घरापासून काही हजार मैलांवर, ज्या भाषेत पाणी मागता येत नाही त्या भाषेत देवाविषयी बोलायचे आहे, ही परिस्थिती वाङ्मयीन नाही तर काय आहे?

हॉलच्या वेळी मोल्सवर्थचा कोश नव्हता. तो यायला अजून अठरा वर्षे होती. कॅरीचा कोश होता, पण तो मोडी अक्षरांत. तेव्हा खरा कोश म्हणजे रोज येऊन समोर बसणारा पंडित. सकाळचे काही तास त्याच्याजवळ मराठी, मग मिशनच्या शाळांवर फेरी (आणि या शाळांतले पंतोजी बहुधा धर्मांतर न केलेले हिंदूच, पुष्कळदा ब्राह्मण), संध्याकाळी बाजारात, देवळाच्या किंवा तळ्याच्या कडेला उभे राहून सकाळी शिकलेले बोलून पाहणे. लोक ऐकत, हसत, वाद घालत. दुसऱ्या दिवशी पुन्हा पंडित. 'दगड' पुल्लिंगी आणि 'माती' स्त्रीलिंगी का, 'मी केले' म्हणताना क्रियापद माझे न ऐकता कर्माचे का ऐकते, देवाला 'तू' म्हणायचे आणि मामलेदाराला 'आपण', हे कसे, असे प्रश्न या तरुणाला रोज पडणारच. आपल्याला ते पडत नाहीत, कारण आपण त्या भाषेत जन्मलो. मराठी वर्णनात्मक व्याकरणाच्या बऱ्याच भागाचा उगम परक्याच्या या अडखळण्यात आहे, हे आपण व्याकरणाच्या तासाला सांगत नाही.

हा मुद्दा सोलापुरात शिकवणाऱ्याला जरा जास्त जवळचा वाटतो. आमच्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी मुले-मुली असतात, कन्नड बोलणारी असतात, दखनी बोलणारी असतात. मराठीत एम.ए. करणाऱ्या या मुलांनी लिंग-वचनाच्या ज्या अडचणी स्वतः ओलांडल्या, त्याच अडचणी मिशनऱ्याने वहीत मांडल्या. मिशनऱ्याच्या मराठीला 'कृत्रिम', 'बायबली', 'भाषांतरित' म्हणून हसणारा समीक्षक बहुधा एकाच भाषेच्या घरातून आलेला असतो. निबंधमालेपासून या हसण्याला प्रतिष्ठा मिळाली आणि ती अजून उतरलेली नाही. चिपळूणकरांकडे निदान रागाचे तात्कालिक कारण होते, शिवाय त्यांनी मिशनरी मजकूर वाचला होता. त्यांच्या आजच्या वारसांनी राग ठेवला, वाचन सोडले.

दुसरीकडे कृतज्ञतेचा पंथ आहे. त्याचे म्हणणे, मिशनऱ्यांनी मराठीवर 'उपकार' केले. हा पंथ मला पहिल्याइतकाच आळशी वाटतो. 'उपकार' म्हटले की देणारा उंच होतो आणि घेणारा हात पसरतो. प्रत्यक्षात त्या खोलीत उलटे घडत होते: तरुण परका विद्यार्थी होता आणि मराठी माणूस गुरू. या गुरूंची नावे कुठे आहेत? कॅरीच्या मदतनीस वैजनाथ पंडितांचे नाव टिकले, बाकीचे 'एक ब्राह्मण', 'माझा पंडित' एवढ्यावर विरले. मोल्सवर्थच्या कोशामागे ब्राह्मण सहायकांचा ताफा होता; कोश मात्र मोल्सवर्थचा. महिपतीच्या भक्तिविजयाचे इंग्रजी भाषांतर १९३३ साली निघाले, तेव्हा त्यावर ॲबटच्या बरोबरीने पंडित नरहर गोडबोल्यांचे नाव छापले गेले. या दोन नावांमध्ये सव्वाशे वर्षे आणि किती तरी निनावी माणसे आहेत. मिशनऱ्याच्या रोजच्या दिवसाचा अभ्यास करायचा तो यासाठी. त्याच्या वहीतच आपल्या पंडितांचा ठावठिकाणा लागण्याची शक्यता आहे, आपल्या संग्रहात तो बहुधा नाही.

साधने नाहीत ही सबब आता चालणार नाही. अमेरिकन बोर्डाची कागदपत्रे हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. मिशनऱ्यांची पत्रे छापणाऱ्या 'मिशनरी हेरल्ड'चे जुने खंड इंटरनेटवर घरबसल्या वाचता येतात. मात्र ही पत्रे वाचताना वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने आपली विद्या वापरावी. छापील पत्र देणगीदारांसाठी असे. बोस्टनच्या भाविकाने खिशात हात घालावा म्हणून इथला माणूस अंधारात बुडालेला दाखवणे ही त्या लेखनप्रकाराची गरज होती, आणि त्यात आपल्या लोकांविषयी जे तुच्छतेने लिहिले आहे ते वाचून आजही संताप येतो. तो यावाच. मिशनरी धर्मांतरासाठीच आले होते, हे त्यांनी स्वतः कधी लपवले नाही आणि आपणही लपवायचे कारण नाही. पण खाजगी रोजनिशी आणि निधीसाठीचे पत्र यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने दलित आत्मकथनांवर किंवा 'स्मृतिचित्रां'वर तरी कोणत्या आधारावर बोलावे?

आता एक असे नाव, जे आमच्या मराठीच्या वर्गात कधी कोणी उच्चारलेले नाही. ह्यू फिन्डले. स्कॉटिश, वय एकोणतीस, मॉर्मन पंथाचा प्रचारक. १८५१ साली मुंबईत उतरला आणि पुढल्या वर्षी पुण्यास गेला. मॉर्मन म्हणजे अमेरिकेत १८३० साली स्थापन झालेला, स्वतःचा 'मॉर्मनचा ग्रंथ' असणारा पंथ. प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या लेखी पाखंडीच. म्हणजे पुण्यात या माणसाला हिंदू परके आणि गोरे ख्रिस्तीही परके. या पंथाच्या प्रचारकांना पगार नसे. थैली न घेता निघायचे आणि ज्या गावी जाऊ तिथल्या माणसांच्या अन्नावर राहायचे, हा त्यांचा नियम. (आपल्याकडे याला माधुकरी म्हणतात, पण ती कोणी मागावी याचेही आपले नियम आहेत.) छावणीत प्रचार करायला लष्करी अधिकाऱ्यांनी मज्जाव केला. पुण्यात त्याने जमवलेली मंडळी जेमतेम डझनभर: काही युरोपीय, काही युरेशियन, काही देशी. त्यातच ऑगस्ट १८५२मध्ये सॉल्ट लेक इथे पंथाने बहुपत्नीत्वाचे तत्त्व जाहीर केले. १८५३मध्ये अमेरिकेहून आणखी तेरा प्रचारक कलकत्त्यास आले तोवर ती बातमीही इथल्या इंग्रजी समाजात पोचली, आणि उघडे असलेले थोडे दरवाजेही बंद झाले. फिन्डले १८५५ साली परतला. वर्षभरात बाकीचेही गेले. मराठीवर हुकूमत मिळवण्याइतका काळ यांपैकी कोणी राहिला नाही. कोश नाही, व्याकरण नाही, म्हणून आपल्या यादीत तो नाही. त्याची रोजनिशी मात्र टिकली आणि १९७३ साली छापलीही गेली. १८५०च्या दशकातले पुणे, म्हणजे जोतिरावांच्या शाळांचे आणि दक्षिणा फंडाच्या वादाचे पुणे, एका बिनपैशाच्या, सर्वांनी नाकारलेल्या परक्या तरुणाला कसे दिसले, हे कळण्याची ती एक जागा आहे. 'योगदान' शोधणाऱ्याला ती कधीच सापडणार नाही, कारण अपयशी माणसाचे योगदान नसते, फक्त दिवस असतात.

त्या पंथाचे तरुण प्रचारक आजही जगभर हिंडतात. २०१२पासून मुलगे अठराव्या वर्षीच निघू शकतात. दोन वर्षे मुक्काम, सकाळी साडेसहाच्या सुमारास उठणे, सतत एका जोडीदाराची सोबत, छातीवर नावाची पट्टी, दारोदार नकार. २०१९पर्यंत घरी फोन वर्षातून फक्त दोनदा करता येई. या शिस्तीचे मला कौतुक वाटते असे नाही. अठरा वर्षांच्या मुलाला आईशी बोलण्यापासून तोडणारा नियम क्रूरच होता. पण नकार पचवत परकी भाषा शिकणारा अठरा वर्षांचा मुलगा हा कादंबरीचा विषय आहे, एवढे तरी आपल्याला दिसायला हवे.

आणि तो दिसतो. आपला असला की लगेच दिसतो. द्वारकानाथ कोटणीस आमच्या सोलापूरचे. १९१०चा जन्म. १ सप्टेंबर १९३८ रोजी काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी एक म्हणून ते मुंबईहून चीनला निघाले, तेव्हा वय सत्तावीस. वडील वारल्याची बातमी परदेशात कळली, तरी परतले नाहीत. येनानला पोचले, चिनी शिकले, इतके की वैद्यकाचे वर्ग त्या भाषेत घेऊ लागले. तिथेच लग्न केले, मुलगा झाला, जुलै १९४२मध्ये तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला, शल्यक्रियेवरचे पाठ्यपुस्तक अर्धे टाकून, बत्तिसाव्या वर्षी गेले. शांतारामबापूंचा चित्रपट १९४६चा. शहरात त्यांचे स्मारक आहे आणि त्याचा आम्हाला रास्त अभिमान आहे. पण त्या तुकडीचे इंग्रजी नाव काय होते? इंडियन मेडिकल मिशन. मराठीत आपण तिला बहुधा 'वैद्यकीय पथक' म्हणतो. 'मिशन' हा शब्द आपल्या मुलासाठी गाळला. सरकारी योजनांना तोच शब्द चालतो, 'मिशनरी' मात्र शिवी राहते.

कोटणीस धर्म शिकवायला गेले नव्हते, हा आक्षेप कोणी घेईल. बरोबर आहे. जखमी सैनिकाचे हाड बसवणे आणि त्याला पापी ठरवणे यांत फरक आहे, आणि तो मी पुसू इच्छित नाही. पण आपण हेतूंची तुलना करत नाही आहोत, वाचण्याच्या पद्धतीची करत आहोत. कोटणिसांच्या बाबतीत भाषा शिकणे हा प्रेमाचा पुरावा ठरतो. हॉलच्या बाबतीत तेच हत्यार ठरते. कोटणिसांनी तिथली विचारसरणी स्वीकारली ती निष्ठा; नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला ते मात्र कुणाला अजूनही समजावून सांगावे लागते. एका चर्चासत्रात मी हा मुद्दा काढला तेव्हा अध्यक्षस्थानी असलेल्या ज्येष्ठ प्राध्यापकांनी 'विषयाला सोडून' अशी नोंद केली. विषय होता 'एकोणिसाव्या शतकातील गद्य'! असो.

सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे १८६०च्या दशकापासून होते. कापडगिरण्या उभ्या राहण्याआधीपासून, १८७६ आणि १८९९च्या दुष्काळांतून, शाळा आणि अनाथाश्रम चालवत परकी माणसे इथे राहिली. त्यांना इथे मराठी शिकवणारे कोण होते? तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या या गावात मिशनने नावातच 'मराठी' घेतल्याने कोणती मराठी रुजली, चर्चमधली प्रार्थना आणि दारातली बोली यांत किती अंतर पडले? गंगाधर मोरजे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा मोठा पसारा आवरून ठेवला आहे. पण तो ग्रंथांचा पसारा आहे. रोजच्या भाषेचा असा एक प्रबंध सोलापुरातून निघायला हरकत नाही, आणि तो लिहायला घरी तेलुगू बोलणारी विद्यार्थिनी माझ्यापेक्षा अधिक पात्र आहे.

तिने सुरुवात हॉलच्या शेवटापासून करावी असे मी सुचवीन. १८२५ साली त्याने पत्नीला आणि मुलांना अमेरिकेला पाठवले होते. मार्च १८२६मध्ये तो नाशिककडे गेला. तिथे पटकीची साथ होती. परतीच्या वाटेवर, २० मार्चला, एका देवळाच्या ओसरीत चटईवर त्याला पटकीने गाठले आणि काही तासांत तो गेला. बरोबर दोन मुलगे होते. त्यांनीच खड्डा मिळवला आणि पेटीशिवाय त्याला पुरले. याच वर्षी मिशनचा मराठी 'नवा करार' छापून पुरा झाला, एवढी नोंद आपल्या इतिहासात आहे. देवळाची ओसरी नाही, आणि ते दोन मुलगेही नाहीत.