कूपमंडूक कोण?

ज्याला जगाची खबर नाही त्याला आपण बिनधास्त ‘कूपमंडूक’ म्हणून मोकळे होतो. पण मित्रांनो, बेडकाच्या खानदानाने जेवढं जग पाहिलंय तेवढं आपल्यापैकी एकानेही पाहिलेलं नाही. पुरावा दगडात आहे.

सुरुवात घरातूनच करू. मुंबईत वरळीच्या टेकडीत, बेसॉल्टच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळाच्या खडकात, चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले. १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांना ‘राना पुसिला’ असं नाव दिलं. १९३० मध्ये नोबल यांनी हा बेडूक निराळाच ठरवून त्याचं ‘इंडोबॅट्रॅकस’ असं बारसं केलं. लाव्हाचा एक लोट थंडावला, दुसरा यायला अवकाश होता, तेवढ्यात पाणी साचलं आणि बेडूक नांदले. ही गोष्ट सहा कोटी वर्षांहून जुनी. तेव्हा भारत आशियाला येऊन धडकलाही नव्हता!

बेडकाची कातडी पातळ, खारं पाणी सोसत नाही. त्यामुळे समुद्र ओलांडणं त्याला सहसा जमत नाही. म्हणूनच त्याचे नातलग कुठे कुठे आहेत यावरून जुना नकाशा वाचता येतो. सह्याद्रीतल्या जांभळ्या बेडकाची ओळख जगाला २००३ मध्ये झाली. त्याचे जवळचे भाऊबंद थेट सेशेल्स बेटांवर! कारण ती बेटं आणि भारत कधीकाळी एकच जमीन होती. २०२० मध्ये तर अंटार्क्टिकाजवळच्या सीमूर बेटावरून सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वीच्या बेडकाची हाडं जाहीर झाली. त्याचे आजचे नातलग चिलीत राहतात. म्हणजे तिथे तेव्हा ओढे वाहत होते.

पण सगळ्यांचंच नशीब असं नव्हतं. युरोपात पॅलिओबॅट्रॅकिड नावाचं एक घराणं कोट्यवधी वर्षं टिकलं. हे बेडूक जन्मभर पाण्यातच राहायचे. हिमयुगात थंडी आणि कोरडेपणा वाढला, तळी गोठली, आटली. जमिनीवरून उड्या मारत दुसरीकडे जाणं यांना जमणारं नव्हतं. सुमारे पाच लाख वर्षांपूर्वी ते घराणं संपलं.

‘हवामान काय, बदलतच असतं, प्राणी जुळवून घेतात,’ असं मेसमध्ये कुणीतरी हमखास ऐकवतं. अर्धंच खरं आहे ते. जुळवून घ्यायला वेळ लागतो आणि निसटायला वाट लागते. आज दोन्ही नाहीत. २०२३ च्या जागतिक पाहणीनुसार उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत. ओढा पाइपात घातला, तळ्यावर भराव टाकला, मधून चौपदरी रस्ता काढला, की बेडकाने जायचं कुठे?

आणि ही कामं करतं कोण? आपणच! उद्या ड्रॉइंगवर सही आपलीच असणार. रस्त्याखालची मोरी फक्त पाण्याच्या हिशोबाने न काढता तिच्यात एका कडेला कोरडी वाट ठेवली, तर खर्च फार वाढत नाही. पावसाळी डबकं ‘वेस्ट लँड’ म्हणून बुजवण्याआधी तिथे कोण राहतं हे एकदा बघायला काय हरकत आहे? आपल्या सिलॅबसमध्ये हे नाही, पण सिलॅबसच्या बाहेर बघायचंच नाही असं ठरवलं, तर मग कूपमंडूक कोण, हे वेगळं सांगायला नको!