आंदणाचे बेट आणि न चाललेले नाणे

महानगरीय साहित्याची अभ्यासपत्रिका शिकवताना मुंबईचा पूर्वेतिहास सांगण्याची एक ठरीव रीत आमच्या पेशात रूढ झाली आहे. १६६१ चा विवाहकरार, पोर्तुगीज राजकन्येबरोबर इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मिळालेले आंदण, १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंडांच्या खंडाने कंपनीकडे गेलेले बेट, आणि मग थेट गिरण्या. जणू कुणी सही केली आणि मुंबई झाली! ही कथा सांगणाऱ्यांनी त्या बेटाच्या पैशाकडे कधी पाहिलेलेच नाही, असा आमचा स्पष्ट आरोप आहे. आमच्यापैकी काही जण साष्टी बेटावरच्या ठाण्यात शिकवतात, काही खाडीपलीकडे कल्याण-डोंबिवलीत. समोरच्या किनाऱ्यावरून पाहिले की आंदणाची कथा फारशी टिकत नाही.

१६७२ मध्ये गव्हर्नर जेराल्ड आँजिअरच्या कारकिर्दीत मुंबईत नाणी पाडली गेली. चांदीचे 'अँग्लिना', तांब्याचे 'कॉपरून', कथलाचे 'टिनी'. ही नावे इथल्या कुठल्या बाजारात कुणाच्या तोंडी बसणार होती? त्या वेळी साष्टीवर पोर्तुगीजांचा अंमल होता आणि मुंबईकडे जाणाऱ्या मालावर ते ठाण्याला जकात घेत. कल्याण-भिवंडी १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतलेली. धान्य आणि लाकूड यांसाठी बेटाला मुख्य भूमीकडेच पाहावे लागे. म्हणजे टांकसाळ बेटावर, पण नाण्याची परीक्षा खाडीपलीकडे.

ही गोष्ट आमच्या प्राध्यापकबंधूंना उमगली नसली तरी कंपनीला पुरती उमगली होती. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याने आणलेल्या मागण्यांत 'मुंबईचे नाणे महाराजांच्या मुलखात चालावे' हेही एक कलम होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. त्यावरचे उत्तर आम्हाला त्या साऱ्या प्रकरणातले सर्वांत मर्मग्राही वाटते. आशय असा, की नाणे आपल्या अंगच्या किमतीने चालेल. त्यासाठी कलमाची गरज नाही. हे उत्तर देणारा राजा त्याच सुमारास देवनागरी अक्षरांचा होन आणि शिवराई पाडत होता, आणि त्यातली तांब्याची शिवराई पुढे एकोणिसाव्या शतकापर्यंत दख्खनच्या बाजारात फिरत राहिली. अँग्लिना आज फक्त नाणेसंग्राहकांना माहीत आहे.

दोनच वर्षांनी, १६७६ च्या राजसनदेत, इंग्लंडच्या राजालाच नावे बदलावी लागली. रुपया, पैसा आणि 'बुद्रुक'. (गावाच्या नावापुढचे बुद्रुक ते हे नव्हे, हे गोवा-वसईकडच्या पोर्तुगीज चलनातले 'बाजारुक'.) नावे देशी झाली, पण रुपयावर अक्षरे रोमन आणि शहर 'बॉम्बेम'. १६९० च्या दशकात विल्यम आणि मेरी यांच्या नावाने फारसी अक्षरांचा रुपया काढून पाहिला. बेटावर आपल्या राजाच्या नावाने नाणी पाडतात म्हणून मोगल इतिहासकार खाफी खान इंग्रजांवर संतापलेला दिसतो. अखेर १७१७ मध्ये फर्रुखसियरकडून मुंबईत बादशाही शिक्का पाडण्याची परवानगी मिळवावी लागली.

कुणी म्हणेल, हीही सनदच की! होय, पण ज्या शिक्क्यावर बाजाराचा विश्वास आधीच बसला होता, त्याच्या पंगतीला बसण्याची ती सनद होती. आणि गंमत पाहा. इंग्रज राजाच्या रुपयावर जे शहर 'बॉम्बेम' होते, ते बादशहाच्या नावाच्या रुपयावर फारसी लिपीत 'मुंबई' झाले. बेटाला त्याच्या रहिवाशांच्या तोंडचे नाव चांदीवर मिळाले ते असे.

यावरून अस्मितेचे ढोल बडवायला निघालेल्यांनी जरा थांबावे. पेशवाईतले चांदीचे रुपयेही फारसीतच आणि बादशहाच्याच नावाने निघत. १८०० नंतर तर मुंबईची टांकसाळ 'सुरत' असा छाप असलेले रुपये पाडू लागली, कारण पत सुरती रुपयाची होती. १८३५ च्या एकसमान चलनाने हा गुंता संपवला.

हा विषय अर्थशास्त्राचा, साहित्याशी त्याचा काय संबंध, असे आम्हाला एका चर्चासत्रात सुनावण्यात आले. 'खणखणीत नाणे', 'टांकसाळी शब्द' अशा प्रतिमा समीक्षेत सर्रास वापरणाऱ्यांनी हे विचारावे, याची आम्हाला मौज वाटली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला तेव्हा आता भाषेची चिंता मिटली, असे म्हणणारेही बहुधा हेच. दर्जाला आमचा विरोध नाही. पण कल्याणच्या बाजारपेठेत व्यवहाराची सुरुवात कोणत्या भाषेत होते, हे त्यांनी एकदा जाऊन ऐकावे.

असो. आमची मागणी लहानशी आहे. पहिल्या तासाला विवाहकरार सांगायचा असेल तर जरूर सांगावा. पण त्याच तासाला १६७४ चे ते कलम आणि त्याचे उत्तरही फळ्यावर लिहावे, आणि विद्यार्थ्यांना विचारावे की अँग्लिना का चालले नाही.