दस्तक आणि आडवाट

अलिबागच्या समुद्रात कुलाबा किल्ला आजही उभा आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कान्होजी आंग्र्यांचे दस्तक घेतल्यावाचून या दर्यावर व्यापारी गलबतांना निर्धोकपणे फिरता येत नसे. इंग्रज कंपनीशी १७१३ मध्ये तह झाला, तरी तंटा मिटला नाही. कारण कंपनीच्या निशाणाखाली खासगी व्यापाऱ्यांचा माल जातो, अशी आंग्र्यांची तक्रार होती. दुसऱ्याच्या नावाआड आपला माल नेण्याचा हा जुना प्रश्न आज महाविद्यालयांत, बँकांत आणि सरकारी कचेऱ्यांत नव्या रूपाने उभा आहे. त्याचे नाव प्रॉक्सी सर्व्हर.

प्रॉक्सी म्हणजे मध्यस्थ संगणक. आपल्याला हवे असलेले पान तो स्वतःच्या नावाने मागवतो आणि आपल्यापर्यंत पोचवतो. वापरणारा कोणा मध्यस्थाशी बोलत आहे, एवढेच संस्थेच्या नेटवर्कला दिसते; तो पुढे कोठे गेला, हे कळत नाही. बंद केलेली संकेतस्थळे अशा रीतीने उघडतात. परंतु हेच साधन संस्थाही वापरतात. विद्यापीठांची ग्रंथालये घरी बसलेल्या अभ्यासकाला वर्गणीची नियतकालिके याच मार्गाने वाचू देतात. तेव्हा साधनावरच गुन्ह्याचा शिक्का मारणे योग्य नव्हे. १९९३ साली श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली. त्यानंतर सागरी गस्त वाढली, पण होडी बाळगणे हा काही गुन्हा ठरला नाही.

कायद्याची भूमिकाही हीच आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये प्रॉक्सी किंवा व्हीपीएन वापरण्यास सरसकट मनाई नाही. मात्र मालकाच्या अथवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून नेटवर्कमध्ये शिरणारा, आणि त्याला साहाय्य करणारा, कलम ४३ अन्वये भरपाई देण्यास पात्र ठरतो. हेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले, तर कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ज्याला नेटवर्क वापरण्याची परवानगी आहे, त्याने केवळ एक बंद पान उघडले, तर ते या कलमांत बसते काय, हा प्रत्येक प्रकरणाच्या तपशिलाचा आणि हेतूचा प्रश्न आहे. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी व्हीपीएन पुरवणाऱ्या कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे ठेवण्यास फर्मावले. ते बंधन पुरवणाऱ्यांवर आहे. वापरणे त्यामुळे बेकायदा झालेले नाही.

बेकायदा नाही ते सर्व उचित असते, असे मात्र नव्हे. कचेरीतील लिपिकाच्या संगणकावर लोकांचे उतारे, पगार आणि खाती असतात. फुकटचा प्रॉक्सी कोण चालवतो, हे त्याला ठाऊक नसते. आणि सांकेतिक रूप न दिलेला मजकूर त्या मध्यस्थाला उघड वाचता येतो. २०२२ मध्ये केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना बाहेरच्या व्हीपीएन, टॉर व प्रॉक्सी सेवा वापरू नयेत, अशी सूचना दिली. ती कडक असली तरी रास्त आहे. तेथे धोका पत्करणारा एक असतो आणि नुकसान दुसऱ्याचेच होते.

विद्यार्थ्याची गोष्ट वेगळी. करमणुकीसाठी सामाईक नेटवर्क अडवून धरणाऱ्याची बाजू कोणी घेणार नाही. परंतु शब्द पाहून दार लावणाऱ्या यंत्राला अश्लील चित्र आणि स्तनाच्या कर्करोगाची माहिती यांतील भेद कळतोच, असे नाही. अभ्यासाचे पान बंद आढळले, ते का बंद हे कोणी सांगेना आणि अर्ज कोणाकडे करायचा हेही ठाऊक नाही, अशा स्थितीत मुलगा आडवाट धरतो. मग त्याला थेट पोलिसांचे भय दाखवले जावे, हा न्याय नव्हे. न सांगितलेल्या नियमाचा भंग कसा होणार?

म्हणून संस्थांनी प्रथम आपले घर सावरावे. काय बंद आहे व का, कोणत्या नोंदी ठेवल्या जातात, त्या कोण पाहतो आणि किती दिवस राहतात, हे सोप्या मराठीत सूचनाफलकावर लावावे. चुकून बंद झालेले पान दोन दिवसांत उघडून देण्याची जबाबदारी एका शिक्षकावर सोपवावी. पहिल्या चुकीला समज द्यावी. परीक्षेतील फसवणूक, दुसऱ्याचे खाते उघडणे, कोणाला छळणे यांसाठी कायद्याचा बडगा राखून ठेवावा. खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखाने सांगितले आहे. नेटवर्क आपले आहे, म्हणून वापरणाऱ्याच्या मनातही डोकावण्याचा अधिकार मिळाला, असे कोणत्याही प्राचार्याने वा अधिकाऱ्याने समजू नये.

एवढे झाल्यावरही जो आडवाटेने जाईल, त्याला सबब उरणार नाही. आंग्र्यांचे दस्तक घेणारा दाम मोजत असे, आणि देणाऱ्यावर त्या गलबताच्या अभयाची जबाबदारी येत असे. परवान्याला मान मिळतो तो दोन्ही बाजूंनी शब्द पाळला जातो तेव्हाच.