कंप्रेसर घेताना एचपी नको, आवाज आणि हवा विचारा

मच्छीमार बंधू-भगिनींनो,

१ जूनपासून मासेमारी बंदी लागते. ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर जेटीवर, होड्या वर ओढलेल्या, आणि घराघरांत दुरुस्ती सुरू. बरेच जण विचारतात, घरी एअर कंप्रेसर घ्यायचा तर कुठला घेऊ? म्हणून हे लिहितोय.

आधी माझी चूक सांगतो. मी स्टिकरवरचा मोठा एचपी आणि कमी भाव बघून कंप्रेसर आणला. पहिल्याच आठवड्यात दुपारी शेजारची काकी दारात आली. म्हणाली, "पुता, मात्शें बंद कर रे. ताका रातीं दर्यार वचूंक जाय." काका रात्रभर जाळी टाकून आले होते आणि मी त्यांची झोप मोडत होतो. मला फार लाज वाटली. आपल्या वाड्यात भिंतीला भिंत लागून घरे. न झोपलेला माणूस रात्री होडीवर जातो, त्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. घरात घ्यायचा तर कमी आवाजाचाच घ्या.

दुकानात तीन गोष्टी विचारा.

पहिली, डेसिबल किती आणि किती अंतरावरून मोजलेले? नुसते "सायलेंट" लिहिलेले चालत नाही. साधे कंप्रेसर ८५-९० डेसिबलपर्यंत जातात, कमी आवाजाचे साधारण ६० ते ७०. १० डेसिबल कमी म्हणजे कानाला जवळजवळ अर्धा आवाज. मिनिटाला १४०० फेऱ्यांची मोटर २८०० वालीपेक्षा शांत चालते आणि जास्त टिकते. दुकानदाराला टाकी भरेपर्यंत चालवून दाखवायला सांगा.

दुसरी, हवा किती सीएफएम देतो, आणि किती प्रेशरला? एचपीवरून हे कळत नाही. कार्बोरेटर फुंकायला, ट्रॉलीच्या टायरात हवा भरायला, छोटे खिळे मारायला लहान मशीन पुरते. पण फायबर घासायचा हवेवरचा सँडर सतत ८-१० सीएफएम किंवा त्याहून जास्त ओढतो. लहान कंप्रेसर तिथे दमतो, थांबतच नाही आणि मोटर तापते.

तिसरी, ऑईल-फ्री आहे का? रंग मारताना हवेतून तेल आले तर रंगाला डोळे पडतात. ऑईल-फ्रीला तेल बदलायचीही कटकट नाही.

आता वापराचे. आपल्या पावसाळी हवेत टाकीत पाणी खूप साचते. रोज काम संपले की खालचा कॉक उघडून पाणी काढा. नाहीतर टाकी आतून गंजते, आणि गंजलेली टाकी फुटली तर माणूस जाऊ शकतो. लांब बारीक वायरवर मशीन चालवू नका, मोटर जळते. वायर आखूड ठेवा, हवेचा पाईप लांब घ्या. खाली जाड रबर घाला, पत्र्याच्या शेडमध्ये कोंडू नका, पत्रा घुमतो. आणि ही हवा श्वास घ्यायला कधीच वापरू नका. शिणाणे काढायला बुडी मारणाऱ्या पोरांना हे मुद्दाम सांगा.

कायद्याप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण शेजाऱ्याला कायदा दाखवायची वेळ यावी कशाला?

माझी सूचना अशी. घरी लहान, शांत कंप्रेसर ठेवा. सँडिंग, मोठे स्प्रे पेंटिंग यासाठी सोसायटीच्या शेडमध्ये एक मोठा बेल्टवाला घेऊया, वस्तीपासून लांब, पाळीपाळीने वापरायचा. प्रत्येकाने वेगळे पैसे घालण्यापेक्षा ते स्वस्त पडेल. पुढच्या बैठकीत हा विषय ठेवतोय. बंदी लागायच्या आधी या आणि आपले मत सांगा. कोणाला पटत नसेल तर तेही तोंडावर सांगा.

आपला,
सचिव